काणबाई

अमळनेरची एस.टी. पाळधी सोडते,
गिरणेचा पूल यायच्या आत मी उतरते
आणि चढ चढून ग्रंथालयात शिरते.
बॅग बाहेर. बाटली बाहेर.
आत बारा संगणक, त्यातले सात चालू.
माझा खिडकीजवळचा,
ज्याचा ‘ई’ एकदा दाबला तरी दोनदा उमटतो.

शोधा, म्हणते चौकट.
मी लिहिते : कानबाई.
नोंदी सापडल्या : ०.
आणि खाली, अगदी अदबीनं,
तुम्हाला म्हणायचे आहे का : कान, नाक व घसा?

नाही हो.
मला म्हणायचं आहे श्रावणातल्या रविवारी
नारळाला डोळे लावून, नथ घालून जी बसते ती,
आणि सोमवारी जी नदीवर जाते.
पण चौकट वाक्यं ऐकत नाही.
शब्द मागते.

मग रोट.
रोटाव्हेटर : देखभाल व दुरुस्ती, तीन प्रती.
‘अहिराणी’ आणि ‘सण’ यांच्यामध्ये
‘किंवा’ घातलं तर अकरा हजार नोंदी,
‘आणि’ घातलं तर एकही नाही.
या दोन अव्ययांमधून पाय न अडकता चालणं
म्हणजे संशोधन, असं आमचे सर म्हणतात.
ते स्वतः बसून असतात.

माझा प्रश्न तसा छोटा आहे.
रोटाचे गहू काढतात तेव्हा
घरातल्या पुरुषांमागे सव्वा सव्वा मूठ.
पाळण्यातला पोरगासुद्धा धरतात.
दळणारी, मळणारी, चुलीपुढे भाजून निघणारी
या हिशेबात कुठे बसते?
घरी विचारलं तर म्हणाले,
श्रावणात असलं बोलू नये.
आता मार्गशीर्ष आहे.

व्हरांड्यात येऊन शिरपूरला मावशीला फोन लावला.
कानबाई लिहितात कसं गं?
‘लिखानं काय शे त्याम्हान?’ मावशी म्हणाली,
‘तिले हाक मारतस.’
मागे कुकरची शिट्टी झाली, फोन कटला.

मुबारक तडवी, यावलकडचे,
वाचनकक्षाचे पंखे बंद करता करता थांबले.
‘मॅडम, चुकवून बघा.
कार्डांवरचं मशीनमध्ये घेतलं तेव्हा
पोरं रोजंदारीवर होती.
एक वाचायचा, दुसरा टायपायचा.
ज्याच्या कानाला जे आलं ते.’

चुकवलं.
कानबाइ. कानुबाई. कान्हबाई.
शाळेत ज्यावर छडी खाल्ली होती
तो बाणातला ण शेवटी घातला.

नोंदी सापडल्या : १.
काणबाई : एक अभ्यास. एम.फिल., १९९४. टंकलिखित.
पाटील, आर. डी.
पृष्ठे एकशे सोळा. तळघर, कपाट नऊ.
शेवटची देवघेव : रकाना रिकामा.

जिना उतरताना मी त्यांना मिशा दिल्या होत्या.
रमेश असतील, रघुनाथ असतील, रिटायर झाले असतील.
कसरीनं पानांतून बोगदा नेला होता,
नेमका परिशिष्टापर्यंत.
पहिल्या पानावर निळ्या शाईत सही :
रंजना दगडू पाटील.

मी खालीच बसले, लोखंडी घोड्यावर.
पान एकाहत्तर.
‘मुठी मोजणारीची मूठ कोणाच्या नावे धरावी,
याचे उत्तर मला एकाही घरी मिळाले नाही.
दोन घरी चहा मिळाला.’
शेजारी समासात परीक्षकाची लाल पेन्सिल :
विषयाला सोडून.

वर आले. तडवींना म्हटलं,
ण राहू द्या, त्याच्याशेजारी न पण टाका.
पुढची पोरगी ण घालेलच असं नाही.
त्यांनी ड्रॉवरमधून छापील अर्ज काढला.
नोंदीत बदल. नाव, विभाग, ग्रंथपालांची सही,
आणि तळाशी : बदलाचे कारण.

तिथं पेन बराच वेळ थांबलं.
बाहेर शिपाई कुलपाची किल्ली वाजवत होता,
पावणेसहाची गाडी घाट नसतानाही
घाट चढल्यासारखी कण्हत येत होती.
मी लिहून टाकलं :
विषयाला धरून.